औषधाचा फॉर्म ओळखायचाय? सॉलिड स्टेट एनएमआरला नमुना देण्याआधी आणि दिल्यानंतर

"मॅडम, बाकी काही नको, फक्त फॉर्म कोणता तेवढं सांगा."

पुण्यात पाषाणला आमची सॉलिड स्टेट एनएमआरची प्रयोगशाळा आहे: पावडर चुंबकात फिरवून तिच्यातल्या अणूंचे सिग्नल टिपायचे आणि त्यावरून औषधाच्या स्फटिकाची रचना, म्हणजे फॉर्म, ओळखायचा. तिथे नमुना घेऊन येणारे बहुतेक जण हेच वाक्य म्हणतात. कुणी पिरंगुटच्या कारखान्यातून येतो, कुणी भोसरीहून, कुणी पीएचडीचा विद्यार्थी असतो. हातात एक बाटली, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेला लॉट नंबर, तोही अर्धा पुसलेला. मी विचारते, या औषधाचे कोणकोणते फॉर्म माहीत आहेत? त्यांचे शुद्ध नमुने आणलेत का? उत्तर ठरलेलं: "पेपरमध्ये पीक दिलेत की!" शोधनिबंधात छापलेल्या पीकच्या (आलेखातल्या सिग्नलच्या टोकांच्या) आकड्यांवरून फॉर्म ठरवायचा नसतो हे समजावण्यात माझा फार वेळ जातो. दारावर एक खास पुणेरी पाटी लावा, असं आमच्याकडच्या एकाने सुचवलंही होतं. पण सांगायचं एवढं आहे की पाटी पुरायची नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

फॉर्मची एवढी काळजी का करायची हे औषधवाल्यांना मी सांगायला नको, पण विद्यार्थ्यांसाठी दोन ओळी. रेणू तोच, पण स्फटिकात तो एकाहून अधिक पद्धतींनी रचला जाऊ शकतो, आणि रचना बदलली की विरघळण्याचा वेग, वितळणबिंदू, गोळी दाबली जाण्याचा गुण, सगळं बदलतं. ॲबटचं रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास व्हायला लागल्या, कारण तोवर कुणाला माहीत नसलेला, फार कमी विरघळणारा दुसरा फॉर्म आपणहून तयार झाला होता. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. आपल्याकडे याला कायद्याचीही बाजू आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे, माहीत असलेल्या पदार्थाचा नवा फॉर्म शोधला एवढ्यावर पेटंट मिळत नाही, परिणामकारकता वाढलेली दाखवावी लागते. इमॅटिनिब या कॅन्सरवरच्या औषधाच्या बीटा स्फटिकरूपाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच मुद्द्यावर निकाली काढला. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या काही नमुन्यांच्या मागे रसायनशास्त्रज्ञापेक्षा वकिलाची घाई जास्त असते.

आधी एक्सआरडी करून या

हे मी माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलते आहे, पण शुद्ध, भरपूर आणि छान स्फटिकी पावडर असेल तर आधी पावडर एक्सआरडी करा, म्हणजे क्ष-किरण सोडून स्फटिकाचा पॅटर्न घ्या. काम लवकर होतं, स्वस्तात होतं, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. एनएमआरकडे यायचं ते एक्सआरडी अडल्यावर. गोळीत औषध थोडं आणि बाकीचा माल जास्त, अशी स्थिती असेल; नमुन्यात अस्फटिकी भाग मिसळलाय असा संशय असेल; सुईसारखे किंवा पापुद्र्यासारखे कण एकाच दिशेला आडवे पडून पॅटर्नची उंची बिघडवत असतील; दोन फॉर्मचे पॅटर्न जवळजवळ सारखे दिसत असतील; किंवा औषधाचं मीठ (सॉल्ट) आहे की कोक्रिस्टल (दोन पदार्थांचा एकत्र स्फटिक) हा वाद असेल. एक्सआरडीला दूरवर पसरलेली शिस्तबद्ध रचना लागते. एनएमआरमध्ये प्रत्येक कार्बन आपल्या शेजारीपाजारी कोण आहे तेवढं सांगतो, म्हणून अस्फटिकी पदार्थही त्यात दिसतो, फक्त पसरट दिसतो.

नमुना

चार मिलिमीटरच्या रोटरला (पावडर भरून फिरवायच्या नळीला) साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम पावडर लागते. तुम्ही २०० आणा. उरलेली मी तुम्हाला परत देते, आणि ती कशाला हे पुढे सांगते.

पावडर खलबत्त्यात कुटून आणू नका. खडे असतील तर चमच्याच्या पाठीने हलके मोडा, एवढंच. कुटण्याने फॉर्म बदलतो. पॅरासिटामॉलचा फॉर्म टू हा दोघांतला कमी स्थिर. तो जोरात घोटला की फॉर्म वनकडे वळतो, आणि मग तुम्ही आणलेली वस्तू एक, मोजलेली दुसरी. शिवाय घोटल्यामुळे स्फटिकांत दोष तयार होतात, त्याचा परिणाम पुढच्या एका मोजमापावर होतो. चाळून आणलीत तर उत्तम.

पाणी धरणाऱ्या पदार्थांचं पुण्यात वेगळंच दुखणं. एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी की काही हायड्रेट (स्फटिकात पाणी धरलेले फॉर्म) बाटली उघडी ठेवली तर पाणी सोडायला लागतात, आणि जुलैत पाषाण-बावधनकडे टेकडीवरून जो ओलावा उतरतो त्यात निर्जल पावडर पाणी ओढून बसते. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध याचं नेहमीचं उदाहरण. ओल लागली की ते डायहायड्रेट होतं आणि गोळी हळू विरघळायला लागते. तेव्हा बाटलीचं झाकण घट्ट, वर पॅराफिल्म, आणि नमुना कुठे किती दिवस ठेवला होता त्याची चिठ्ठी. दुचाकीच्या डिकीत दुपारभर तापलेला नमुना आणू नका. आणणारे आहेत म्हणून लिहिते.

दोन गोष्टी लपवू नका. पहिली, मिलमधून आलेला माल असेल तर त्यात लोखंडाचा किंवा स्टीलचा कीस असू शकतो. बाटलीला बाहेरून चुंबक लावून बघा. काळे कण चिकटले तर तो नमुना चुंबकात फिरवायला मी घेणार नाही. दुसरी, पदार्थ किती विषारी आहे. रोटर क्वचित फुटतो, आणि तो फुटला की पावडर प्रोबभर, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या भागभर, होते. कॅन्सरवरची औषधं आणि हार्मोन्स यांची माहिती आधी फोनवर द्या.

रोटर भरणं हे काम बघायला येणाऱ्यांना कंटाळवाणं वाटतं, मला आवडतं. झिर्कोनियाची पांढरी नळी, बोटाच्या पेराएवढीही नाही. पावडर चिमटीचिमटीने टाकायची, नळी टेबलावर हलके आपटायची, दांड्याने दाबायची, पुन्हा टाकायची. दाबायचं ते बेताने, कारण दाबानेही फॉर्म बदलणारे पदार्थ असतात. वर टोपीपुरती जागा सोडायची, टोपी सरळ बसली का ते भिंगाखाली बघायचं. तळाच्या कडेवर अर्ध्या गोलाला काळ्या मार्करची रेघ असते. तिच्यावरून प्रकाश परततो की नाही हे मोजून यंत्र फेऱ्यांचा वेग सांगतं. रेघ पुसट झाली असेल तर वेग दिसत नाही आणि मग उगाच प्रोबवर संशय घेतला जातो. पावडर एका बाजूला जास्त भरली गेली तर वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एकीकडे गोळा झाल्यावर जे होतं तेच होतं, फक्त इथे फेरे सेकंदाला दहा हजार असतात. अशा वेळी जोर लावू नये. थांबवावं, रिकामं करावं, पुन्हा भरावं.

यंत्र लावताना

द्रावणात रेणू इतका गरगरत असतो की दिशेचा प्रश्न उरत नाही. पावडरमध्ये प्रत्येक कणाचं तोंड वेगळीकडे, म्हणून एकाच कार्बनचा सिग्नल दीड-दोनशे पीपीएमपर्यंत (सिग्नलची जागा याच एककात मोजतात) पसरू शकतो. घनाची कड आणि त्याच कोपऱ्यातून आरपार जाणारा कर्ण यांच्यात ५४.७४ अंशांचा कोन असतो. रोटर चुंबकीय क्षेत्राशी बरोबर त्या कोनात कलता धरून फिरवला की हा पसारा आवरतो. हे १९५०च्या दशकाच्या अखेरीस अँड्र्यू आणि लोव या शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिलं. त्यानंतर पाइन्स, गिबी आणि वॉ यांनी प्रोटॉनचं (हायड्रोजनच्या केंद्राचं) चुंबकीय ध्रुवीकरण कार्बनला देण्याची युक्ती काढली, आणि १९७६ मध्ये शेफर आणि स्टेस्कल यांनी दोन्ही एकत्र केलं. आज आपण ज्याला सीपी-मास (क्रॉस पोलरायझेशन आणि मॅजिक अँगल स्पिनिंग) म्हणतो ते हेच. एनएमआरला दिसणारा कार्बन-१३ निसर्गातल्या कार्बनमध्ये १.१ टक्काच, त्यामुळे प्रोटॉनकडून मिळणारी ही जवळपास चौपट मदत नसती तर औषधांसाठी हे तंत्र कुणी वापरलं नसतं.

कोन बरोबर आहे का हे पोटॅशियम ब्रोमाइडवर बघतात. हेच पोटॅशियम ब्रोमाइड तुम्ही आयआर (इन्फ्रारेड) चाचणीच्या पेलेटला वापरता. ब्रोमिन-७९ ची वारंवारिता कार्बन-१३ च्या अगदी शेजारी असल्यामुळे प्रोबमध्ये फारसं काही हलवावं लागत नाही. सिग्नलमध्ये दर फेरीला एक टोक येतं, ती टोकांची रांग निदान १० मिलिसेकंदांपर्यंत दिसायला हवी. आधीच विरली तर कोनाचा स्क्रू हलवायचा. मग ॲडमँटेन. त्याचा सीएच२ पीक ३८.४८ पीपीएमला लावून मोजपट्टी बांधायची आणि त्याच पीकची रुंदी बघून शिम करायचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं करायचं. शेवटी ग्लायसिन, ज्याच्या अल्फा फॉर्मचा कार्बोनिल १७६.५ ला येतो. ग्लायसिनची बाटली जुनी असेल तर त्यापासून दोनेक पीपीएम खाली दुसरा पीक दिसतो, तो गॅमा फॉर्म. म्हणजे यंत्र तपासायला घेतलेला पदार्थसुद्धा बहुरूपीच. नव्या विद्यार्थ्यांना मी तो मुद्दाम दाखवते.

यंत्र ४०० मेगाहर्ट्झचं असेल तर कार्बनची वारंवारिता १००.६ मेगाहर्ट्झ. दहा किलोहर्ट्झने फिरवलं तर प्रत्येक मोठ्या पीकच्या दोन्ही बाजूंना साधारण १०० पीपीएमवर त्याची सावली उभी राहते, तिला साइडबँड म्हणतात. कार्बोनिल १७० ला असेल तर ७० ला काहीतरी दिसेल. बेंझिनच्या कड्याचा १३० चा गठ्ठा ३० ला उतरेल, आणि तिथे तुमचे मिथाइल बसलेले असतील. नवखा माणूस हमखास तिथे "नवा फॉर्म" शोधतो. संशय आला की वेग दहावरून बारा करा. खरा पीक जागचा हलत नाही, सावली सरकते.

टी-वन आधी मोजायचा

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते इथे, आणि माझं सगळ्यात जास्त भांडण होतं तेही इथेच.

एकदा सिग्नल घेतला की प्रोटॉन पुन्हा ताळ्यावर यायला वेळ लागतो. त्याचं माप म्हणजे प्रोटॉनचा टी-वन. द्रावणाच्या एनएमआरची सवय असलेले लोक दोन स्कॅनमध्ये पाच सेकंद ठेवून मोकळे होतात. घन औषधात टी-वन एक सेकंदही असतो आणि काही मिनिटंही असतो. मिथाइल गट फिरत असल्यामुळे प्रोटॉनना ताळ्यावर आणतो; ज्या ताठ रेणूत तो नाही तिथे वाट बघावी लागते. म्हणून पहिलं मोजमाप सॅच्युरेशन रिकव्हरीचं. सगळे प्रोटॉन पुसून टाका, निरनिराळा वेळ थांबा, किती परत आले ते बघा.

खर्चाचा हिशेब यावरच. १०२४ स्कॅन आणि मध्ये ५ सेकंद, तर दीड तासाच्या आत काम होतं. मध्ये ६० सेकंद ठेवावे लागले तर तेच काम १७ तासांवर जातं. सिग्नल दुप्पट स्वच्छ हवा असेल तर वेळ चौपट लागतो, यात कुणाची ओळख चालत नाही. फक्त फॉर्म कोणता एवढंच बघायचं असेल तर टी-वनच्या सव्वापट थांबणं सर्वांत फायद्याचं. प्रमाण काढायचं असेल तर पाचपट.

प्रमाणाचं गणित करून दाखवते, कारण असं तोंडी सांगितलेलं पटत नाही. समजा नमुन्यात दोन फॉर्म अर्धे-अर्धे आहेत, एकाचा टी-वन ४ सेकंद, दुसऱ्याचा ४०. तुम्ही पाच सेकंदच थांबलात. पहिल्याचे ७१ टक्के प्रोटॉन परत आले, दुसऱ्याचे जेमतेम १२ टक्के. स्पेक्ट्रममध्ये पहिला दुसऱ्याच्या सहापट दिसेल आणि तुम्ही अहवालात लिहाल, "दुसरा फॉर्म अल्प प्रमाणात". कारखान्यातला लॉट पास-नापास व्हायचा असतो अशा वाक्यावर.

याच गुणाचा उलटा उपयोगही होतो. एका स्फटिकातले सगळे प्रोटॉन आपसांत देवाणघेवाण करून एकच टी-वन दाखवतात. त्यामुळे एका पावडरच्या स्पेक्ट्रममध्ये काही पीक भराभर वाढत असतील आणि काही रेंगाळत असतील तर ते वेगवेगळ्या कणांतले आहेत. ओव्हरलॅप झालेलं मिश्रण असं वेळेने वेगळं काढता येतं: थोडं थांबून एक स्पेक्ट्रम घ्या, खूप थांबून दुसरा घ्या, योग्य पट लावून वजा करा. पॉलिमरमध्ये औषध खरोखर मिसळलंय का हेही यावरून कळतं. दोघांचा टी-वन एकच निघाला तर मिसळण काही दहा नॅनोमीटरच्या पातळीपर्यंत झालेली आहे.

पण दोन लॉटचा टी-वन वेगळा आला म्हणून फॉर्म वेगळा, असं म्हणू नका. घोटलेल्या पावडरमधल्या दोषांमुळे तोच फॉर्म लवकर ताळ्यावर येतो. वर कुटू नका म्हटलं होतं त्याचं एक कारण हे.

स्पेक्ट्रम वाचताना

आधी मोजा, मग आकडे बघा. पॅरासिटामॉल घ्या, म्हणजे घरातल्या तापाच्या गोळीतलं. रेणूत आठ कार्बन. डीएमएसओ या द्रावकात विरघळवून स्पेक्ट्रम घेतला तर सहाच पीक येतात: १६८ ला कार्बोनिल, १५३ ला ओएच धरलेला, १३१ ला नायट्रोजनला जोडलेला, १२१ आणि ११५ ला कड्यातले सीएच, २४ ला मिथाइल. द्रावणात कडं सतत उलटंसुलटं होतं, म्हणून समोरासमोरचे सीएच जोडीजोडीने एक होतात. आता फॉर्म वनची पावडर फिरवा. १७०, १५२, १३३ आणि २४ च्या आसपासचे चौघे आपापल्या जागी येतात, आणि ११५ ते १२४ मध्ये चार वेगळे पीक उभे राहतात. कडं स्फटिकात अडकून पडलंय. एका बाजूच्या सीएचचा शेजारी वेगळा, दुसऱ्या बाजूच्याचा वेगळा. आठ कार्बन, आठ पीक. म्हणजे स्फटिकाच्या असममित एककात (ज्याच्या नकला होत स्फटिक बनतो त्या लहानात लहान तुकड्यात) एकच रेणू आहे. फॉर्म ओळखण्यासाठी मी या चौघांकडे सर्वांत आधी बघते, कारण शेजार बदलला की तेच आधी हलतात. मिथाइल बिचारा बऱ्याचदा जागचा हलतही नाही.

पीक दुप्पट दिसले तर एककात दोन रेणू असू शकतात, किंवा दोन फॉर्मचं मिश्रण असू शकतं. टी-वन वेगवेगळा निघाला तर मिश्रण. कार्बामाझेपिनच्या ट्रायक्लिनिक फॉर्म वनमध्ये असममित एककात चार रेणू आहेत, तिथे सगळा गठ्ठा १२० ते १४० च्या मध्ये दाटीवाटीने बसतो आणि मोजदाद अशक्य होते. नेहमीच्या मोनोक्लिनिक फॉर्म थ्रीमध्ये एककात एकच रेणू, त्यामुळे तो गठ्ठा बराच सुटा दिसतो. पॅरासिटामॉलच्या फॉर्म टूमध्येही एककात एकच रेणू, तेव्हा तिथे मोजणीने काही निकाल लागत नाही, जागाच ताडून बघाव्या लागतात.

मोजताना एक फसवणूक सांभाळा. नायट्रोजनला चिकटलेला कार्बन कमी शक्तीच्या चुंबकात एका बाजूला मोठा, एका बाजूला लहान असा दुभंगलेला दिसतो. तो दोन रेणूंचा पुरावा नव्हे, नायट्रोजन-१४ च्या क्वाड्रुपोलर स्वभावाचा (त्याच्या केंद्रातला विद्युतभार गोलाकार नसण्याचा) उपद्रव आहे. जास्त शक्तीच्या चुंबकात तोच नमुना लावला तर ही दुफळी मिटत जाते. खरोखर वेगळे कार्बन असतील तर पीपीएममध्ये अंतर तेवढंच राहतं. क्लोरीनला जोडलेला कार्बनही असाच पसरट आणि केविलवाणा दिसतो. कोणता पीक कुणाचा हे ठरत नसेल तर डीकपलिंग (हायड्रोजनचा कार्बनवरचा परिणाम पुसणारा रेडिओ लहरींचा मारा) ४०-५० मायक्रोसेकंद बंद ठेवून पुन्हा घ्यायला सांगा. हायड्रोजन धरलेले सीएच आणि सीएच२ मावळतात. हायड्रोजन नसलेले कार्बन आणि मिथाइल उरतात.

अणकुचीदार पीकच्या पायाशी रुंद फुगवटा असेल तर अस्फटिकी भागाचा विचार करा. बेसलाइन "सरळ करून" तो फुगवटा खोडणारे महाभाग मी पाहिलेत. बेसलाइन दुरुस्त करण्याआधीचा स्पेक्ट्रम नेहमी मागून घ्या.

आता पेपरातल्या आकड्यांबद्दल. ॲडमँटेनचा जो पीक टीएमएस या संदर्भ-पदार्थाच्या मोजपट्टीवर ३८.४८ ला येतो तोच डीएसएस या दुसऱ्या संदर्भ-पदार्थाच्या मोजपट्टीवर ४०.४८ ला येतो. म्हणजे दोन प्रामाणिक प्रयोगशाळांच्या तक्त्यांत सरसकट दोन पीपीएमचा फरक पडू शकतो, आणि दोन फॉर्ममधला फरक कित्येकदा अर्धा-एक पीपीएम असतो. पेपरशी जुळवायचंच असेल तर एका स्पेक्ट्रममधल्या दोन पीकमधलं अंतर जुळवा, एकट्या पीकची जागा नको. आणि निकाल द्यायचा असेल तर प्रत्येक फॉर्मचा शुद्ध नमुना, एक्सआरडीने पडताळलेला, त्याच यंत्रावर, त्याच वेगाने, त्याच तापमानाला, शक्यतो त्याच बैठकीत लावून घ्या. शुद्ध नमुने बनवण्यात आठवडा गेला तरी चालेल, बाकीचं काम त्यानंतर एका दुपारचं असतं. हे न करता नुसता तक्ता बघून मी "फॉर्म टू" असं लिहून दिलेलं नाही आणि देणारही नाही.

गोळी आणली असेल तर

गोळी अख्खी फिरवता येत नाही, तिथे हलक्या हाताने मोडावीच लागते. वरचं आवरण सुरीने खरवडून काढा. गोळीत भरीला घातलेल्या मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि लॅक्टोज यांचा सगळा गोंगाट ६० ते ११० मध्ये असतो, मॅग्नेशियम स्टिअरेट ३०-३३ च्या आसपास. म्हणून बेंझिनसारखं कडं किंवा कार्बोनिल असलेल्या औषधाला ११० च्या पुढे बहुतेक मोकळं रान मिळतं. पोव्हिडोन असेल तर १७५ च्या जवळ त्याचा कार्बोनिल येऊन उभा राहतो, तेवढं ध्यानात ठेवा. टायटॅनियम डायऑक्साइड कार्बनमध्ये दिसतच नाही. औषध नसलेली प्लासिबो गोळी सोबत आणा, तिचा स्पेक्ट्रम वजा करता येतो. आणत नाही कुणी.

कार्बनवर दुसरा फॉर्म काही टक्क्यांच्या खाली गेला की तो आहे की नाही यावर वाद घालत बसावं लागतं. औषधात फ्लोरीन असेल तर मात्र नशीब काढलंत. निसर्गातला फ्लोरीन शंभर टक्के फ्लोरीन-१९ च असतो, गोळीतल्या बाकीच्या मालात फ्लोरीन नसतो, आणि एक टक्क्याखालचा फॉर्मही पकडता येतो. त्यासाठी बारीक रोटर आणि जास्त वेग लागतो, आणि टोपी फ्लोरीन नसलेल्या पदार्थाची लागते. नेहमीची केल-एफ या फ्लोरीन असलेल्या प्लास्टिकची टोपी स्वतःच सिग्नल देते.

उतरवल्यावर

फिरताना हवेच्या घर्षणाने नमुना तापतो. चार मिलिमीटरच्या रोटरमध्ये वेग बारा-पंधरा किलोहर्ट्झवर नेला तर खोलीच्या तापमानाच्या १० ते १५ अंश वर सहज जातो, बारीक रोटरमध्ये जोरात फिरवला तर त्याहून बराच जास्त. स्क्रीनवर दिसतं ते येणाऱ्या हवेचं तापमान. आतलं तापमान हवं असेल तर शिशाच्या नायट्रेटवर मोजून घेतात, त्याचा सिग्नल दर अंशाला सुमारे ०.७५ पीपीएम सरकतो.

अहवालात चुंबकाची शक्ती, रोटरचा व्यास, वेग, नमुन्याचं अंदाजे तापमान, कशावर मोजपट्टी बांधली आणि तो आकडा काय धरला, कॉन्टॅक्ट टाइम (प्रोटॉनने कार्बनला मदत देण्याचा वेळ), दोन स्कॅनमधली विश्रांती, स्कॅनची संख्या आणि मोजलेला प्रोटॉन टी-वन, हे सगळं लिहून मागा. यातलं एक जरी गाळलेलं असेल तरी दुसऱ्या कुणाला ते पुन्हा करून बघता येत नाही. सीपीच्या पीकची उंची सरळ टक्केवारी म्हणून वापरली असेल तर अहवाल परत पाठवा. वेगवेगळ्या कार्बनना प्रोटॉनकडून सारखी मदत मिळत नाही, त्यामुळे आधी माहीत प्रमाणाची मिश्रणं लावून आलेख काढावा लागतो.

आणि रोटरमधली पावडर टाकून देऊ नका. ती काढून तिचा एक्सआरडी पुन्हा करा, आणि न फिरवलेल्या उरलेल्या पावडरचाही, म्हणजे फिरवल्याने फॉर्म बदलला का ते कळतं. हायड्रेट असेल तर रोटर टोपीसकट आधी आणि नंतर वजन करा. कार्बामाझेपिन डायहायड्रेटच्या ७० मिलिग्रॅममध्ये नऊ मिलिग्रॅमहून थोडं जास्त पाणीच असतं. ते गेलं असेल तर साध्या ॲनालिटिकल तराजूवरही दिसतं.